गिरनारचा रोपवे : अंबाजीपर्यंत आठ मिनिटे, आणि त्यापुढचा दत्तशिखराचा रस्ता

औदुंबरछाया

नमस्कार. मागच्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर, मी एकाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन गिरनारला जाऊन आले. जाण्यापूर्वी मला जी माहिती हवी होती ती एका ठिकाणी मिळाली नाही, आणि जी मिळाली तिच्यातली एक महत्त्वाची गोष्ट चुकीची निघाली. ज्यांच्या घरी गुडघे दुखणारे आई-वडील आहेत आणि ज्यांच्या मनात दत्तपादुकांच्या दर्शनाची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे.

ती चुकीची गोष्ट आधी सांगते. आम्ही सुरुवातीला ज्या यात्रा कंपनीकडे चौकशी केली, तिथल्या गृहस्थांनी ठामपणे सांगितले की आता रोपवे झाला असल्याने वृद्धांना थेट दत्तापर्यंत बसून जाता येते. हे खरे नाही. रोपवे जुनागडजवळच्या भवनाथपासून, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून, अंबाजीच्या टेकडीपर्यंत जातो आणि तिथे संपतो. पायऱ्यांच्या हिशेबात अंबाजी साधारण पाच हजाराव्या पायरीवर आहे, आणि दत्तशिखरापर्यंतच्या एकूण पायऱ्या परंपरेने ९,९९९ सांगितल्या जातात. म्हणजे पायऱ्यांच्या संख्येने पाहिले तर रोपवेने गेल्यावरही जवळजवळ निम्मी वाट शिल्लक राहते.

शिवाय ही उरलेली वाट सरळ चढाची नाही. अंबाजीवरून आधी थोडे उतरून मग गोरक्षनाथांच्या शिखरावर चढायचे, जे गुजरातमधील सर्वांत उंच ठिकाण आहे. तिथून पुन्हा पायऱ्यांची एक लांब, तीव्र उतरण लागते. उतरण संपल्यावर दोन कमानी येतात. एक वाट कमंडलू तीर्थाकडे जाते आणि दुसरी दत्तशिखराच्या शेवटच्या, छातीवर येणाऱ्या चढाकडे. त्यामुळे दर्शन झाल्यावर ‘आता काय, उतरायचेच आहे’ असे म्हणता येत नाही. गोरक्षनाथांची जी उतरण जाताना सोपी वाटली, तीच परतीच्या वेळी, पाय थकलेले असताना आणि ऊन डोक्यावर आलेले असताना, चढावी लागते. वृद्ध माणसाला घेऊन जाताना सगळे नियोजन या एका गोष्टीभोवती करावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता रोपवेविषयी. तो २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. लांबी सुमारे २.३ किलोमीटर आहे, एका पाळण्यात आठ माणसे बसतात आणि वर पोहोचायला सात-आठ मिनिटे लागतात. सुरुवातीला मोठ्या माणसाचे जाण्या-येण्याचे तिकीट ७०० रुपये होते. दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजा दर पाहून घ्यावा. जाण्या-येण्याचे एकत्र तिकीट काढल्यास तिकीट परतीपर्यंत नीट सांभाळून ठेवावे लागते. आईने ते पदराच्या गाठीत बांधले होते.

पाळणा स्थानकात पूर्ण थांबत नाही, तो अगदी मंद गतीने फलाटाच्या कडेने सरकत असतो आणि त्याच अवस्थेत आत पाऊल टाकायचे असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आई फलाटावर दोन पाळणे जाऊ देऊन उभीच राहिली. तिथल्या मुलाने ते ओळखले, तिचा कोपर धरला, आणि ‘बा, पहले यह पैर’ असे म्हणत तिचा बरा असलेला उजवा पाय आधी आत ठेवायला लावला. ज्यांच्या घरी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल त्यांनी फलाटावर गेल्याबरोबर कर्मचाऱ्यांना तसे सांगून ठेवावे.

दार मिटले, पाळण्याने वेग घेतला आणि आई दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली. पहिल्या मनोऱ्याच्या चाकांवरून जाताना एक बारीकशी थरथर जाणवते, तेवढ्याने तिने डोळे मिटले. पुढे जंगल खाली सरकत गेले आणि उजव्या हाताला काळ्या कातळाच्या उभ्या भिंती आल्या, तेव्हा मी तिला डोळे उघडायला सांगितले. झाडीतून मधूनच पांढऱ्या रेषेसारख्या पायऱ्या दिसत होत्या आणि त्यांवर मुंगीएवढी माणसे. आई बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, ‘तुझे बाबा हे सगळे रात्रीतून चढले होते.’ बाबांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, नोकरी लागल्यावर, एकट्याने गिरनार केला होता. पुढच्या वेळी दोघांनी मिळून यायचे असे ठरले होते, आणि ते राहून गेले.

वर अंबाजीचे दर्शन घेऊन आम्ही डोली केली. डोली म्हणजे बांबूच्या दांडीला टांगलेली लहानशी चौकोनी बैठक. तिचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, त्यासाठी आधी काट्यावर उभे राहावे लागते. चार अनोळखी माणसांसमोर वजन करून घ्यायचे या कल्पनेने आई अवघडून गेली. तिने पिशवी माझ्याकडे दिली, शाल काढून दिली आणि काट्यावर उभी राहिली. डोलीवाल्यांपैकी जो वयाने मोठा होता त्याने आकडा मोठ्याने न वाचता बोटांनी जोडीदाराला खूण केली. त्या माणसाचे हे सौजन्य मी विसरणार नाही.

गोरक्षनाथांच्या उतरणीवर डोलीवाले सरळ उतरत नाहीत, ते आडवे होऊन, एकेक पायरी कुशीने उतरतात, म्हणजे बसलेला माणूस पुढे झुकत नाही. दत्तशिखरावर गाभारा लहान आहे, थांबायला फार वेळ मिळत नाही, पण आईला पादुकांवर डोके टेकवता आले. परतीला कमंडलू तीर्थावर गेलो. तिथली धुनी दर सोमवारी प्रकट होते अशी श्रद्धा आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथे प्रसादाचे जेवण मिळते.

दुपारी दीडच्या सुमारास अंबाजीला परतलो तेव्हा वाऱ्यामुळे रोपवे थांबवलेला होता. सुमारे दोन तास आम्ही आडोशाला बसून राहिलो. त्या दोन तासांत माझ्या मनात एकच विचार होता, की आज रोपवे सुरूच झाला नाही तर आईला पाच हजार पायऱ्या कशा उतरवायच्या. सुदैवाने वारा पडला. कुणी वृद्धांना नेणार असेल तर परतीच्या डोलीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत, आणि एक जाड शाल जवळ असू द्यावी.

आणखी कोणाचे अनुभव असतील तर कृपया सविस्तर लिहावेत.

कातळवाट

ताई, इतके नेमके लिहिल्याबद्दल मनापासून आभार. येत्या महिन्यात मी वडिलांना नेणार आहे. त्यांचे वय ६८, चार वर्षांपूर्वी बायपास झालेली आहे, रोज तीन किलोमीटर चालतात. डोलीत बसायला ते तयार नाहीत. अंबाजीपासून पुढे चालत जाणे त्यांना जमेल का? दुसरे असे की, एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधील त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेला अपघात झाला, माणसे रात्रभर पाळण्यांत अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली आणि तीन जणांचा जीव गेला. तेव्हापासून आमच्या मातोश्रींनी रोपवे हा शब्द काढू दिलेला नाही. गिरनारच्या रोपवेची रचना नेमकी कशी आहे, हे कोणी सांगू शकेल का?

पोलादी दोर

मी नोकरीच्या काळात अशा यंत्रणांच्या देखभालीचे काम जवळून पाहिले आहे, त्यामुळे रचनेविषयी लिहितो.

रोपवे दोन प्रमुख तऱ्हांचे असतात. आपल्याकडच्या बहुतेकांना परिचित असलेला रायगडाचा रोपवे हा ये-जा करणारा आहे. तो १९९६ साली सुरू झाला, लांबी सुमारे पाऊण किलोमीटर आहे. एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, दोन्हींचे वजन एकमेकांना तोलून धरते, आणि पाळणे स्थानकात आल्यावर सगळी यंत्रणा थांबते. हिरकणीवाडीत बसताना म्हणूनच कुणाला घाई होत नाही.

गिरनारचा रोपवे फिरत्या दोराचा आहे. एकच अखंड पोलादी दोर वरच्या आणि खालच्या स्थानकांतील मोठ्या चाकांभोवती सतत फिरत असतो. पाळण्याचे वजनही तोच पेलतो आणि पाळण्याला ओढतोही तोच. प्रत्येक पाळण्याच्या माथ्यावर स्प्रिंगच्या जोरावर मिटणारी एक पकड असते. पाळणा स्थानकात शिरला की ही पकड उघडते, पाळणा दोरापासून सुटतो आणि रबरी चाकांच्या ओळीवरून मंद गतीने पुढे सरकतो, तर दोर आपल्या मूळ वेगाने धावतच असतो. बाहेर पडताना पाळण्याचा वेग पुन्हा दोराच्या वेगाइतका केला जातो आणि मग पकड दोरावर मिटते. औदुंबरछायाताईंच्या आईंना फलाटावर जो सरकता पाळणा दिसला, त्याचे कारण हे आहे. पकड योग्य जोराने मिटली नसेल तर यंत्रणा ते ओळखते आणि दोर थांबवते, म्हणून मधूनच पाळणा हवेत काही क्षण थबकला तर घाबरून जाऊ नये.

वाऱ्याविषयी. मनोऱ्यांवर वारा मोजणारी उपकरणे असतात. वारा वाढू लागला की आधी वेग कमी केला जातो, नवे प्रवासी घेणे थांबते, आणि मर्यादेपलीकडे गेल्यास पाळणे स्थानकात आणून यंत्रणा बंद ठेवली जाते. वीज गेल्यास पाळणे परत आणण्यासाठी वेगळ्या इंजिनाची सोय अशा यंत्रणेत असतेच. गिरनार सपाट प्रदेशातून एकदम उठलेला डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर वाऱ्याला अडवणारे काही नाही. पावसाळ्यात आणि थंडीच्या काही दिवसांत रोपवे तासन्‌तास बंद राहतो. प्रवाशांना त्याचा त्रास होतो हे मान्य, परंतु माझ्या दृष्टीने वाऱ्यात वेळेवर थांबणारा रोपवे हाच विश्वास ठेवण्याजोगा रोपवे होय. हे मी कातळवाट यांच्या मातोश्रींना सांगण्यासाठीच मुद्दाम लिहीत आहे.

पायीवारी

मी बारा पौर्णिमांचा संकल्प केला होता, त्यांपैकी नऊ झाल्या आहेत, आणि सगळ्या पायीच. वेगळे मत मांडतो, कोणी राग मानू नये.

रात्री अकराच्या सुमारास हातात काठी घेऊन पहिल्या पायरीला डोके टेकवायचे, अंधारात पुढच्या माणसाच्या विजेरीमागे चालायचे, समोरून उतरणारा प्रत्येकजण ‘जय गिरनारी’ म्हणतो त्याला उत्तर द्यायचे, आणि दमून बसलो की कोणी अनोळखी माणूस पाण्याची बाटली पुढे करतो. माझ्यासाठी गिरनार म्हणजे ही वाट आहे. दोन-अडीच हजाराव्या पायरीजवळ एक वेळ अशी येते की आपल्याकडून हे होणार नाही असे वाटते, आणि जी प्रार्थना तिथे होते ती मला घरच्या देवघरात कधी करता आली नाही. रोपवेने जाणाऱ्या धडधाकट तरुणांना मी विनंती करतो की आयुष्यात एकदा तरी पायी चढून पाहावे. ज्यांना चढणे शक्यच नाही त्यांच्याविषयी माझे म्हणणे नाही.

आणखी एक. अंबाजीपर्यंतची गर्दी रोपवेमुळे वाढली आहे आणि त्यातले बरेच लोक केवळ पाहायला येतात. त्यांनी टाकलेला कचरा गोरक्षनाथांच्या वाटेपर्यंत पोहोचू लागला आहे. मी आता प्रत्येक वेळी एक गोणपाट बरोबर नेतो आणि उतरताना भरून आणतो.

औदुंबरछाया

पायीवारी, राग मानण्याचे कारणच नाही. आई रोपवेत बसण्यापूर्वी पायथ्याला पहिल्या पायरीपाशी गेली होती. तिथे तिने हळदकुंकू वाहिले, अकरा पायऱ्या कठड्याला धरून चढली, उतरली, आणि मग रोपवेच्या रांगेत आली. त्या अकरा पायऱ्या तिने बाबांच्या नावाने चढल्या, हे तिने मला घरी आल्यावर सांगितले.

कातळवाट, तुमच्या वडिलांविषयी. सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर चालणे आणि पायऱ्या चढणे यांत फार अंतर आहे. प्रथम त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना पायऱ्यांची कल्पना देऊन परवानगी घ्यावी. ती मिळाल्यास घराच्या जिन्यावर रोज चढ-उतार सुरू करावी, आणि उतरण्याचाही सराव करावा, कारण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या दुखतात त्या उतरण्याने. सकाळच्या पहिल्या पाळण्यांपैकी एकाने वर जावे. आणि गोरक्षनाथांपाशी थांबून, खालची पूर्ण उतरण डोळ्यांनी पाहून मगच पुढे जायचे की नाही ते ठरवावे. तिथून परत फिरणे सोपे आहे. उतरण उतरून गेल्यावर डोलीशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. डोलीला त्यांचा नकार असेल तर हा आग्रह घरूनच मोडून घ्यावा, वाटेत नव्हे.

नेमिसागर

आम्ही सांगलीकडचे जैन. गिरनार आमच्यासाठी बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची निर्वाणभूमी आहे आणि आमच्या भागातून दरवर्षी अनेक कुटुंबे येतात. ज्या शेवटच्या शिखरावर आपण दत्तपादुकांचे दर्शन घेता, त्याच शिखराला आम्ही पाचवी टोंक म्हणून वंदन करतो.

रोपवेच्या बाबतीत जैन यात्रेकरूंना एक वेगळी अडचण येते. नेमिनाथांचे मुख्य मंदिर आणि त्याभोवतीचा मंदिरसमूह पायऱ्यांच्या वाटेवर, अंबाजीच्या बराच खाली, साधारण ३,८०० पायऱ्यांवर आहे. पाळणा त्या उंचीला ओलांडून थेट वर जातो, त्यामुळे रोपवेने आलेल्याला दर्शनासाठी अंबाजीपासून हजार-बाराशे पायऱ्या खाली उतरावे लागते आणि रोपवेने परतायचे असल्यास तेवढ्याच पुन्हा चढाव्या लागतात. माझ्या आजींना आम्ही अंबाजीहून खाली मंदिरापर्यंत आणले आणि पुढे डोलीने थेट पायथ्याला गेलो, परत वर चढलोच नाही. अशा वेळी रोपवेचे केवळ जाण्याचे तिकीट काढणे योग्य ठरते. मंदिरांतील संगमरवरी कोरीवकाम पाहण्यासाठी, आपण कोणत्याही पंथाचे असाल, तासभर राखून ठेवावा असे मी आग्रहाने सुचवेन.

शिळालेख

वारा असला की पायथ्याशी ताटकळत बसण्याऐवजी काय करावे, यासाठी थोडी माहिती देतो. जुनागड शहरातून भवनाथकडे येणाऱ्या रस्त्याला लागूनच एका छपराखाली तो प्रसिद्ध खडक आहे. एकाच खडकावर सम्राट अशोकाचे चौदा लेख, महाक्षत्रप रुद्रदामन याचा इसवी सन १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आणि गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या काळातला लेख, असे तीन राजवटींचे लेखन आहे. रुद्रदामनच्या लेखात सुदर्शन तलावाचा बांध अतिवृष्टीने आणि वादळी वाऱ्याने फुटल्याचे आणि तो पुन्हा बांधल्याचे वर्णन आहे. या डोंगरावरच्या वादळी वाऱ्याची नोंद अशी फार जुनी आहे, आणि ती वाचायला एक पायरीही चढावी लागत नाही.

आज ज्या पायऱ्यांना आपण प्राचीन म्हणतो, त्यांचे सध्याचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, आणि त्यासाठी लागणारा पैसा जुनागड संस्थानाने लॉटरी काढून उभा केला होता. रोपवेची कोनशिला २००७ साली बसली, पण काम पूर्ण व्हायला तेरा वर्षे लागली. त्यामागे एक कारण गिधाडांचे होते. गिरनारच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि हा प्रदेश अभयारण्यात येतो, म्हणून पर्यावरणाच्या परवानग्या लांबत गेल्या. पाळण्यातून जाताना कातळाच्या कपारींखाली पांढरे ओघळ दिसले तर तिथे लक्ष ठेवावे, ती त्यांची बसायची जागा असते. मला एकदा पाळण्याच्या खाली, आपल्याहून खालच्या उंचीवर, पंख न हलवता तरंगणारे एक गिधाड दिसले होते. त्याची पाठ वरून पाहण्याचा योग मला दुसरीकडे कुठे आला नाही.

कातळवाट

सर्वांचे आभार मानण्यासाठी आणि काय झाले ते सांगण्यासाठी पुन्हा लिहीत आहे. आम्ही काल परतलो.

डॉक्टरांनी बाबांना परवानगी दिली होती, पण दर पन्नास पायऱ्यांनी थांबायचे या अटीवर. पोलादी दोर यांनी लिहिलेले मी आईला दोनदा वाचून दाखवले, आणि ती केवळ परवानगी देऊन थांबली नाही, स्वतःही बरोबर आली. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे रोपवे सुरूच झाला नाही. तो वेळ आम्ही अशोकाच्या खडकापाशी आणि दामोदर कुंडावर घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो. गोरक्षनाथांपाशी पोहोचायला बाबांना पाऊण तास लागला. तिथे कठड्याला टेकून त्यांनी खालची उतरण आणि समोरचे दत्तशिखर बराच वेळ पाहिले, नाडी मोजली, आणि म्हणाले, ‘मी इथून नमस्कार करतो. तुम्ही दोघे जाऊन या.’

आई आणि मी पुढे गेलो. परत आलो तेव्हा बाबा तिथल्या एका साधूंशेजारी बसून चहा पीत होते. आईने पादुकांवरचे फूल त्यांच्या हातात दिले, ते त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवले. परतीच्या पाळण्यात त्यांनी आईला ती पायऱ्यांची पांढरी रेषा दाखवली. औदुंबरछायाताई, तुमच्या लेखनातून मी त्यांना ती आधीच सांगून ठेवली होती.

परतीची चढण आईला जड गेली, एवढे मात्र पुढे जाणाऱ्यांसाठी नमूद करतो. तिचे वय ६३ आहे आणि तिला कोणताही आजार नाही. पाणी आम्ही दोन बाटल्या नेले होते, ते कमंडलूपाशीच संपले, चार बाटल्या न्याव्यात.